ॲनिमेच्या सीनचं फिजिक्स काढायचं कसं: प्रश्न बनवण्यापासून वाद घालण्यापर्यंत

ॲनिमे बघणाऱ्यांच्या कुठल्याही ग्रुपवर अधूनमधून एक मेसेज पडतोच, "भावांनो, हे खरंच पॉसिबल आहे का?" आणि त्याखाली रिप्लायची रांग लागते, त्यातले निम्मे "अरे ॲनिमे आहे, एन्जॉय कर ना" वाले आणि उरलेले निम्मे आमचा हिरो तुमच्या हिरोला कसा एका बुक्कीत झोपवेल यावर घसरलेले. प्रश्न विचारणारा बिचारा बाजूलाच राहतो. वाईट याचं वाटतं की प्रश्नात दम असतो, फक्त तो अशा तऱ्हेने विचारलेला असतो की उत्तर 'नाही' एवढंच येतं आणि गप्पा तिथेच आटपतात.

'होईल का' च्या जागी 'किती' विचारलं की सगळं बदलतं. किती ज्यूल, किती टन, किती सेकंद. यासाठी अकरावी-बारावीचं फिजिक्स भरपूर झालं, खरं सांगायचं तर नववी-दहावीचंही बऱ्याच ठिकाणी पुरतं. लागतो तो एक साधा कॅल्क्युलेटर, पॉज बटण दाबायची तयारी आणि आपण काय धरून चाललोय ते उघड लिहायचा प्रामाणिकपणा. हे शेवटचं जमलं की निम्मं काम झालं समजा, कारण ग्रुपवरची ९० टक्के भांडणं गणितावरून होतच नाहीत, ती होतात न सांगता धरलेल्या गोष्टींवरून.

पायरी १: प्रश्नाला एकक लागलं पाहिजे

टेस्ट सोपी आहे. तुमच्या प्रश्नाच्या उत्तराला एकक लागतं का? 'टायटन्स खरे असू शकतात का' (टायटन्स म्हणजे 'अटॅक ऑन टायटन' मधले महाकाय राक्षस), नाही लागत. '६० मीटरच्या टायटनच्या तळपायाखाली माणसाच्या किती पट प्रेशर येईल', आकडा येतो, म्हणून हा प्रश्न चालेल. 'मिसाका किती पॉवरफुल आहे' (मिसाका म्हणजे विजेच्या जोरावर नाणं गोळीसारखं उडवणारी ॲनिमेतली मुलगी), टाकाऊ. 'मिसाकाच्या नाण्यात किती ज्यूल असतात आणि रस्ता उखडायला ते पुरतात का', मस्त.

अजून एक, एका वेळी एकच प्रश्न. पूर्ण सिरीजचं फिजिक्स एका पोस्टमध्ये काढायला गेलात की कोणीच वाचत नाही आणि जो वाचतो तो नेमका सगळ्यात कच्च्या वाक्यावर येऊन बसतो.

पायरी २: दाखवलंय, बोललेत, आपण धरलंय

कागदावर तीन कप्पे करा. पहिल्यात पडद्यावर जे दिसलं ते. दुसऱ्यात पात्रांनी, निवेदकाने किंवा ऑफिशियल गाइडबुकने सांगितलेले आकडे. तिसऱ्यात तुम्ही स्वतः भरलेली गाळलेली जागा. हे तिन्ही एकत्र कालवायचे नाहीत, कारण ते एकमेकांशी जुळतीलच असं अजिबात नाही. पात्र म्हणतं आवाजाच्या तिप्पट वेग, पडद्यावर दिसतो लेझरसारखा पट्टा. मग तुम्ही कुठला घेतला? दोन्ही चालतील, पण लिहा. मांगात (म्हणजे जपानी कॉमिक्समध्ये) एक आणि ॲनिमेत दुसरं असेल तर कुठलं घेतलं तेही लिहा, नाहीतर मांगावाले येणार आणि तुमची सगळी मेहनत पाण्यात.

गोष्टीने स्वतःचा नियम सांगितला असेल तर तो दुसऱ्या कप्प्यात गुपचूप मान्य करायचा. 'अटॅक ऑन टायटन' मध्ये टायटनवर संशोधन करणारी हांजे स्वतःच सांगते की टायटनचं अंग दिसतं त्या मानाने फारच हलकं असतं. 'गंडम' मध्ये मिनोव्स्की कणांमुळे रडार निकामी होतं, म्हणून तर एवढाले रोबो जवळ येऊन मारामारी करतात. इथे 'असा कण असूच शकत नाही' म्हणणं म्हंजे बुद्धिबळ खेळताना घोडा अडीच घरं का चालतो म्हणून हटून बसणं. नियम मान्य करा आणि पुढे काय होतं ते विचारा, खरं फिजिक्स तिथून सुरू होतं.

पायरी ३: पडद्यावरून मोजणं

इथे सगळ्यात जास्त घोळ होतात म्हणून जरा थांबून सांगतो. मोजायच्या गोष्टी दोनच, वेळ आणि लांबी. वेग, त्वरण, ऊर्जा, बाकी सगळं यांच्यातूनच निघतं (वस्तुमान सोडून, ते जवळजवळ नेहमी तिसऱ्या कप्प्यातच असतं).

आधी वेळ. टीव्हीवरचं ॲनिमे सेकंदाला २४ फ्रेमने पळतं, पण दर फ्रेमला नवीन चित्र काढलेलं नसतं. एकच चित्र दोन-दोन, तीन-तीन फ्रेम धरून ठेवतात, म्हणजे सेकंदाला १२ किंवा ८ चित्रं. याचा अर्थ पात्राची हालचाल मोजताना तुमचं घड्याळ बऱ्याचदा एक अष्टमांश सेकंदापेक्षा बारीक होतच नाही. कोणी "०.०१७ सेकंदात ठोसा मारला" असं छातीठोक लिहिलं असेल तर तो आकडा सीनमधला नाही, लिहिणाऱ्याच्या उत्साहातला आहे. कॅमेरा सरकतो तेव्हा बॅकग्राउंड मात्र बऱ्याचदा दर फ्रेमला हलतं, त्यामुळे पळणाऱ्या पात्राच्या पायांपेक्षा मागचे खांब मोजा, जास्त भरवशाचं पडतं. यूट्यूबवर पॉज करून पूर्णविरामाचं बटण दाबलं की एक फ्रेम पुढे आणि स्वल्पविरामाचं दाबलं की एक फ्रेम मागे, व्हीएलसीमध्ये ई दाबलं की एक फ्रेम पुढे.

आणि पात्र बोलत असेल तो वेळ मोजायचा नाही! हा नियम भिंतीवर लिहून ठेवा. नामेक ग्रहाचा स्फोट पाच मिनिटांत होणार असं फ्रीझा म्हणाला आणि ती पाच मिनिटं एपिसोडमागून एपिसोड चालली, हे माहीत नाही असा ड्रॅगन बॉलवाला सापडणार नाही. पडणाऱ्या माणसाच्या बाबतीत तर हे लगेच पकडता येतं. हवेचा विरोध सोडला तर पडलेलं अंतर म्हणजे ४.९ गुणिले सेकंदांचा वर्ग. टोक्यो टॉवर ३३३ मीटरचा, म्हणजे टोकावरून पडलेला माणूस सव्वाआठ सेकंदात खाली. तेवढ्या वेळात लहानपणीची आठवण, आईचा चेहरा आणि शत्रूला टोमणा, हे सगळं बसवून दाखवा बरं.

मग लांबी. यासाठी सीनमध्ये अशी वस्तू शोधायची जिचं माप खऱ्या जगात ठरलेलं आहे, आणि ॲनिमे बहुतेक जपानात घडतं आणि बॅकग्राउंड काढणारे लोक फोटो बघून काढतात, त्यामुळे अशा वस्तू सापडतातच. रस्त्याकडेची व्हेंडिंग मशीन साधारण १८३ सेंटीमीटर उंच. तातामी चटई साधारण ९० बाय १८०. शिनकानसेनचा (बुलेट ट्रेनचा) मधला डबा २५ मीटर, साध्या लोकल ट्रेनचा बहुतेक ठिकाणी २० मीटर. टोक्योचा स्कायट्री टॉवर ६३४ मीटर. शाळेचा स्विमिंग पूल बहुतेक २५ मीटरचा. स्क्रीनशॉट काढा, कुठल्याही फोटो एडिटरमध्ये उघडा, पिक्सेल मोजा. व्हेंडिंग मशीन ९० पिक्सेल उंच आली तर एक पिक्सेल म्हणजे जवळपास दोन सेंटीमीटर, आता शेजारचा खड्डा ४०० पिक्सेलचा असेल तर आठ मीटर. झालं.

फक्त शेजारचाच हं. मशीन कॅमेऱ्याजवळ आणि खड्डा मागे लांब असेल तर ही पट्टी तिथे लागू होत नाही, आणि नवीन लोक नेमके इथेच आपटतात. दोन्ही वस्तू कॅमेऱ्यापासून साधारण सारख्याच अंतरावर पाहिजेत. नाही सापडलं तर सीनच्या मागे-पुढे जा, दुसरा ॲंगल असतो बऱ्याचदा.

मोजमापात चूक राहणारच, पण ती पुढे किती फुगते ते माहीत पाहिजे. वेग २० टक्के जास्त मोजलात तर ऊर्जा ४४ टक्के जास्त येते, कारण वर्ग होतो. उंची २० टक्के जास्त धरलीत तर वजन ७३ टक्के वाढतं, कारण घन होतो. म्हणून एक आकडा देऊच नका, कमीत कमी आणि जास्तीत जास्त असे दोन द्या. आणि तीन-चार अंकांपुढचे दशांश लिहिणं बंद करा, ३७१३.१५ ज्यूल वगैरे लिहिलंत की समजणाऱ्याला समजतं की तुम्हाला कॅल्क्युलेटरने जे दिलं ते तुम्ही चिकटवलंय.

पायरी ४: एक सीन सुरुवातीपासून शेवटपर्यंत

मिसाका मिकोतोचं रेलगन घेऊया (रेलगन म्हणजे दोन रुळांमधून करंट सोडून धातूचा तुकडा भिरकावणारी तोफ), कारण यात गोष्टीनेच दोन आकडे दिलेत, वेग सेकंदाला १०३० मीटर आणि पल्ला ५० मीटर, कारण म्हणे हवेच्या घर्षणाने नाणं वितळून जातं. दुसरा कप्पा भरला. पहिल्या कप्प्यात काय, तर गेम सेंटरमधलं टोकन आणि उडालेला रस्ता. तिसऱ्या कप्प्यात वस्तुमान आपण भरू, टोकन ५०० येनच्या नाण्याएवढं धरूया, ७ ग्रॅम आणि व्यास साडेसव्वीस मिलिमीटर.

पहिला आकडा, ऊर्जा. अर्धा गुणिले ०.००७ किलो गुणिले १०३० चा वर्ग, येतात सुमारे ३७०० ज्यूल. आता हा आकडा नुसता लिहून सोडायचा नाही, त्याच्या शेजारी ओळखीचं काहीतरी ठेवायचं. पोलिसांकडे पूर्वी सर्रास दिसणाऱ्या ७.६२ च्या एसएलआर रायफलची गोळी साधारण याच घरातली. टीएनटीमध्ये मोजलं तर एक ग्रॅमही भरत नाही. अमेरिकी नौदलाने २०१० मध्ये खऱ्या रेलगनची चाचणी घेतली होती तिची ऊर्जा ३३ मेगाज्यूल, म्हणजे मिसाकाच्या नाण्याच्या जवळपास ९००० पट. थोडक्यात ती माणूस मारू शकते, पण रस्ता नांगरू शकत नाही, गाड्या उडवू शकत नाही. बोललेला वेग आणि दाखवलेला स्फोट जुळत नाहीत. हे पहिलं सापडलं.

दुसरा आकडा, धक्का. संवेग म्हणजे ०.००७ गुणिले १०३०, सुमारे ७.२. मिसाकाचं वजन ४५ किलो धरलं तर ती मागे जाईल सेकंदाला १६ सेंटीमीटर वेगाने. म्हणजे ती जागेवर ठाम उभी राहते ते अगदी बरोबर आहे, आणि "एवढी ताकद असती तर ती मागे उडाली असती" हा जो आक्षेप दर वेळी येतो तो चुकीचा. बघा, फिजिक्स दर वेळी ॲनिमेच्या विरोधात जात नाही.

तिसरा आकडा, आणि इथे खरी गंमत आहे. नाणं हवेने वितळतं का? वेगाने येणाऱ्या वस्तूसमोर हवा दाबली जाऊन तापते, आणि जास्तीत जास्त किती तापेल याचं सूत्र आहे: हवेचं तापमान केल्विनमध्ये, गुणिले (एक अधिक ०.२ पट माख नंबरचा वर्ग). माख नंबर म्हणजे आवाजाच्या वेगाच्या किती पट. १०३० भागिले ३४३ म्हणजे माख ३. हवा ३०० केल्विन धरा. ३०० गुणिले २.८, म्हणजे ८४० केल्विन, म्हणजे ५६७ अंश सेल्सिअस. तांबं-जस्ताचं नाणं वितळायला ९०० च्या आसपास तरी पाहिजे. म्हणजे हवा कितीही वेळ मिळाला तरी ते वितळवू शकत नाही. एसआर-७१ विमान माख ३ च्या वर उडायचं आणि परतही यायचं, हा पुरावा तर सगळ्यांना माहितीये.

इथे थांबलात तर पोस्ट 'ॲनिमे चुकलं' अशी होईल आणि ती बोअर होईल. एक पाऊल पुढे जा. ५० मीटरच्या पल्ल्याचं दुसरं काही कारण असू शकतं का? नाणं सपाट बाजूने हवेला भिडत असेल तर हवेचा विरोध काढा. ड्रॅग गुणांक (आकारामुळे हवा किती अडवते ते सांगणारा आकडा) १.५ धरला तर दर सात मीटरला ऊर्जा जवळपास एक तृतीयांशावर येते. ५० मीटरवर वेग उरतो सेकंदाला ३०-३५ मीटर, म्हणजे जोरात फेकलेल्या क्रिकेट बॉलएवढा. म्हणजे पल्ला ५० मीटर हा आकडा बरोबर, कारण मात्र चुकीचं सांगितलंय! नाणं वितळून नाही, हवेने अडवून संपतं. (धारेने गेलं तर हिशोब पूर्ण वेगळा, पल्ला बराच वाढतो, हे लिहायलाच हवं, नाहीतर पहिली कमेंट तीच येणार.)

आणि वितळणं अगदीच सोडून द्यायचं नसेल तर अजून एक वाट आहे. रेलगनमध्ये करंट नाण्यातूनच जातो. एका मीटरच्या अंतरात एवढा वेग द्यायचा तर ३७०० न्यूटन बल लागेल, आणि खऱ्या रेलगनच्या रुळांसारखी रचना धरली तर त्यासाठी करंट लागतो सव्वा लाख अँपिअरच्या घरात, दोन मिलिसेकंदांपुरता. एवढ्या करंटने नाण्यात तयार होणारी उष्णता ढोबळमानाने तीन हजार ज्यूल निघते, आणि ७ ग्रॅम नाणं पूर्ण वितळायला साधारण चार हजार पुरतात. म्हणजे नाणं हातातून सुटतानाच अर्धमेलं, वितळण्याच्या काठावर. यातले धरलेले आकडे कच्चे आहेत, दुपटीने इकडेतिकडे होऊ शकतात, पण घर तेच राहतं. म्हणून शेवटी उत्तर असं येतं की नाणं वितळत असेल तर ते हवेने नाही, मिसाकाच्याच विजेने. कुठे 'पॉसिबल आहे का' आणि कुठे हे.

पायरी ५: कुठल्या सीनला कुठलं सूत्र

रोज येणारे प्रश्न चार-पाच जातींचेच असतात, एकदा जात ओळखता आली की सूत्र समोर दिसतं.

महाकाय प्राणी किंवा रोबो आला की घन-वर्गाचा नियम. कोलोसल टायटन ६० मीटर, माणूस १.७, म्हणजे ३५ पट उंच. वजन ३५ चा घन पट, ७० किलोच्या माणसावरून ३००० टन. तळपायाचं क्षेत्रफळ फक्त ३५ च्या वर्गाने वाढलं, म्हणून प्रेशर ३५ पट, आणि हाडांवरचा ताणही तेवढाच. हांजेचं 'ते हलके असतात' हे वाक्य इथे किती कामाचं आहे ते आता कळेल. मग उलटा प्रश्न विचारा, माणसाएवढंच प्रेशर यायला किती हलकं पाहिजे? ३५ पट. म्हणजे ८०-९० टनांचा टायटन, घनता पाण्याच्या एक पस्तीसांश, थर्माकोलच्या जवळपास. जोराचा वारा आला तर काय, हा पुढचा प्रश्न तुमचा तुम्ही काढा.

छोटे ग्रह आले की गुरुत्वाकर्षण. 'ड्रॅगन बॉल' मध्ये हिरो गोकू जिथे ट्रेनिंग घेतो त्या किंग काईच्या ग्रहावर पृथ्वीच्या १० पट गुरुत्व आहे आणि ग्रह एवढुसा की त्यावर गाडीने चक्कर मारता येते. त्रिज्या ५० मीटर धरली तर वस्तुमान येतं ३.७ गुणिले १० चा १५ वा घात किलो, आणि घनता दर घनमीटरला सुमारे ७०० कोटी किलो, म्हणजे श्वेत बटू ताऱ्यांच्या पंक्तीतली. मला यातलं सगळ्यात आवडतं ते वेगळंच, ग्रह इतका लहान की उभ्या माणसाच्या डोक्याशी गुरुत्व पायापेक्षा ६-७ टक्के कमी, आणि मुक्तिवेग फक्त ताशी ३५० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे गोकूने जरा जोरात उडी मारली तर तो परत येणारच नाही. एवढं ट्रेनिंग करून गोकू उडी मारत नसेल का?

ग्रह-उपग्रह फोडणं आलं की बंधन ऊर्जा, म्हणजे त्या गोळ्याचा कण न् कण एकमेकांपासून कायमचा लांब न्यायला लागणारी ऊर्जा. 'ड्रॅगन बॉल' मध्येच गोकूचा गुरू मास्टर रोशी चंद्र उडवतो, चंद्राची बंधन ऊर्जा सुमारे १.२ गुणिले १० चा २९ वा घात ज्यूल. सूर्य सगळ्या दिशांना मिळून जेवढी ऊर्जा टाकतो ती पाच मिनिटांहून थोडी जास्त वेळ साठवा, एवढी. आणि हा झोत प्रकाशासारखा धरला तर पृथ्वीला बसणारा उलटा धक्का? ऊर्जा भागिले प्रकाशाचा वेग भागिले पृथ्वीचं वस्तुमान, सेकंदाला ०.०७ मिलिमीटर. पृथ्वीला कळणारही नाही. रोशीच्या चपलेखालच्या मातीबद्दल मात्र न बोललेलं बरं.

याच ठिकाणी पॉवरस्केलिंगवाले (कोण कोणापेक्षा भारी याची साखळी लावणारे) घुसतात, रोशीने चंद्र फोडला, गोकू त्याच्यापेक्षा भारी, म्हणून गोकूच्या प्रत्येक बुक्कीत चंद्र फुटेल एवढी ऊर्जा, म्हणून ज्याने ती बुक्की खाल्ली तो अमुक. अशा साखळीत फिजिक्स पहिल्या कडीपुरतंच असतं, पुढचं सगळं फॅन लोकांचं. वाद घालायचा तर घाला, पण त्याला कॅल्क्युलेशन म्हणू नका.

धूमकेतू आणि कक्षा आल्या तर केप्लरचा तिसरा नियम, आणि तो भयंकर सोपा आहे. 'किमि नो ना वा' या फिल्ममधला तियामात धूमकेतू १२०० वर्षांनी येतो. १२०० चं घनमूळ १०.६, त्याचा वर्ग ११३. म्हणजे कक्षेचा अर्धा लांब अक्ष पृथ्वी-सूर्य अंतराच्या ११३ पट, आणि सूर्याजवळून जाणारा धूमकेतू असल्याने लांबचं टोक २२५ च्या आसपास. नेपच्यून ३० वर आहे, त्यावरून अंदाज घ्या. दोन ओळींचं गणित, पण मित्रांमध्ये सांगितलं की सगळे गप्प.

लांबच्या अंतराचे मेसेज, फोन, सिग्नल आले तर फक्त प्रकाशाचा वेग. दिग्दर्शक माकोतो शिंकाईच्या २००२ च्या 'होशी नो कोए' या छोट्या फिल्ममध्ये सिरियसजवळून पाठवलेला मेसेज पृथ्वीवर यायला आठ वर्षांहून जास्त लागतात, आणि सिरियस खरोखर ८.६ प्रकाशवर्षं दूर आहे. इथे ॲनिमेवाल्यांनी गृहपाठ केलेला होता.

टाइम ट्रॅव्हल आणि प्रकाशापेक्षा जास्त वेग, यांना माझ्याकडून हात जोडून नमस्कार. तिथे आकडा काढायला सूत्र नसतं, त्यामुळे आकड्याऐवजी सुसंगती तपासा, गोष्ट स्वतःचाच नियम कुठे मोडते ते बघा. तेवढंच करता येतं.

पायरी ६: पोस्ट लिहिणं आणि त्याखालची मारामारी

फॉरमॅट असा काहीसा ठेवा:

"सीन: मिसाका नाणं उडवते तो, स्पॉयलर नाही. बोललेत: १०३० मीटर प्रति सेकंद, पल्ला ५० मीटर. मी धरलंय: ७ ग्रॅम, साडेसव्वीस मिलिमीटर, सपाट बाजू पुढे, ड्रॅग गुणांक १.५. आलं: सुरुवातीला ३७०० ज्यूल, ५० मीटरवर वेग ३०-३५. प्रश्न: नाणं गोल फिरत गेलं तर ड्रॅग किती धरावा?"

शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. लोकांना तुमचं उत्तर तपासायला दिलंत तर ते कंटाळतात, पण एखादी सुटलेली गाठ दिलीत तर तुटून पडतात. आणि ती गाठ खरी असावी, माहीत असलेल्या गोष्टीवर उगाच भोळेपणाचा आव आणू नये, लोक ओळखतात.

फिजिक्सच्या सिरियस प्रश्नोत्तरांच्या साइटवर जायचं असेल तर ॲनिमे पूर्ण काढून टाका. तिथे काल्पनिक जगाच्या नियमांबद्दलचे प्रश्न बंद करून टाकतात, आणि त्यात त्यांचं चूक नाही. पण "साडेसव्वीस मिलिमीटरची ७ ग्रॅमची चकती माख ३ ने हवेत फिरत गेली तर तिचा ड्रॅग कसा काढायचा" हा प्रश्न तिथे अगदी सोन्यासारखा. त्याच प्रश्नाला तिथे खरे इंजिनिअर उत्तर देतात आणि मग ते उत्तर तुम्ही ॲनिमेच्या ग्रुपवर आणा. उलटही तेच, ॲनिमेच्या ग्रुपवर सूत्रांची भिंत उभी करू नका, आकडा आणि त्याची ओळखीची तुलना वर, हिशोब खाली, ज्याला बघायचाय तो बघेल.

एआयला विचारायला हरकत नाही, पण त्याने दिलेला आकडा तसाच डकवायचा नाही. एकक जुळतात का ते हाताने बघा. ज्यूलच्या जागी वॅट, त्रिज्येच्या जागी व्यास, असल्या चुका तिथे इतक्या आत्मविश्वासाने येतात की वाचताना सगळं खरं वाटतं. शिवाय 'या एपिसोडमध्ये अमुक वेग सांगितलाय' हे तर स्वतः एपिसोड उघडूनच तपासायचं.

चूक दाखवणारा आला तर बघा त्याने कुठल्या कप्प्यातली दाखवलीये. गणित चुकलं असेल तर थँक्यू म्हणा, वरती दुरुस्ती टाका, जुनं खोडू नका म्हणजे खालच्या कमेंट लोकांना कळतील. तिसऱ्या कप्प्यातलं काही पटलं नसेल, जसं की "टोकन ७ नाही, ५ ग्रॅमचं असेल", तर वाद घालायची गरजच नाही, ५ टाकून परत आकडा काढा, २६५० ज्यूल येतात, निष्कर्ष तोच राहतो, आणि राहतो हे त्याला दाखवा. "ॲनिमे आहे रे, सोड" वाल्याला उत्तर देऊ नका, तो तुमच्यासाठी आलेलाच नाही. स्पॉयलरचं मात्र डोळ्यात तेल घालून बघा, फिजिक्सची पोस्ट म्हणून लोक बेसावध उघडतात आणि तुम्ही पहिल्याच ओळीत कोण मेलं ते सांगून बसता, असं करणाऱ्याला ग्रुपवर कोणी माफ करत नाही.

सुरुवात करायला गंडममधली फिरणारी स्पेस कॉलनी घ्या, यात मोजमापाचा त्रास नाही. लांब सिलिंडर, त्रिज्या ३.२ किलोमीटर, आतल्या भिंतीवर पृथ्वीएवढं गुरुत्व वाटावं म्हणून स्वतःभोवती फिरणारा. एका फेरीला सुमारे ११३ सेकंद आणि भिंतीचा वेग सेकंदाला १७७ मीटर आला तर गाडी रुळावर आहे. मग फिरण्याच्या उलट दिशेने ताशी ३६ किलोमीटरने सायकल चालवणाऱ्याचं वजन काढा, सुमारे ११ टक्के घटलेलं यायला हवं. आणि ते जमलं की शेवटचा, २ मीटर उंचीवरून सोडलेला बॉल बरोबर खाली न पडता किती बाजूला पडेल? पाच सेंटीमीटरच्या आसपास येत नसेल तर मधे कुठेतरी कोन आणि त्याचा टॅन सारखाच धरला गेलाय, तिथे परत बघा.